समुद्राची उंची

पेणहून नागोठण्यावरून रोह्याला जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत समुद्र कोठेच दिसत नाही. एका बाजूस डोंगरांच्या रांगा, दुसऱ्या बाजूस भाताची सपाट खाचरे, आणि दूरवर तिवरांची गर्द हिरवी रेघ, एवढेच काय ते दृश्य. परंतु समुद्र दिसत नाही म्हणून तो तेथे नाही, असे मात्र कोणी समजू नये. पेणजवळ भोगावती, नागोठण्यापाशी अंबा आणि रोह्याला कुंडलिका अशा तीन नद्या या प्रदेशातून वाहतात, आणि त्यांच्या पात्रांतून समुद्र दिवसातून दोन वेळा आत येतो. रेवस आणि करंजा यांच्यामधून शिरलेले पाणी धरमतरच्या खाडीने पेणच्या बाजूस चढते. रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून शिरलेले पाणी रोह्याच्या दिशेने सरकते. येताना ते नदीचे गोडे पाणी मागे रेटते, चिखलाची बेटे बुडवते, तिवरांच्या मुळांशी खेळते. सहा तास उलटले की ते जसे आले तसे मुकाट्याने परत जाते.

या प्रदेशातील शेतकऱ्यांनी समुद्राच्या शेजारी राहण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे. खाडीच्या कडेने मातीचे लांबच लांब बांध घालून त्यांनी खारे पाणी बाहेर अडवले आणि आतल्या जमिनीत भात पिकवला. या भूभागाला खारेपाट म्हणतात. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे पाण्याचा दरवाजा. तिची रचना मोठी युक्तीची असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटू लागले म्हणजे तिचे दार आपोआप मिटते, आणि ओहोटी लागली म्हणजे आत साठलेले पावसाचे पाणी तेच दार ढकलून खाडीत वाहून जाते. असा हा पहारेकरी रात्रंदिवस जागा असतो.

पूर्वी या बांधांची डागडुजी सारा गाव मिळून करीत असे. घराघरांतून माणसे जात, चिखलाची ढेकळे हातोहात पुढे सरकत आणि ओहोटीच्या मोजक्या तासांत बांध पुन्हा उभा राही. या सामुदायिक कामाला जोळ असे नाव होते. अशी तत्परता ठेवणे भागच होते. कारण अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला बांधावरून पाणी आले आणि त्याला एखादी खांड पडली, म्हणजे घटकाभरात सारे शेत खाऱ्या पाण्याखाली जाते. उभे पीक तर जातेच. पण मीठ जमिनीत मुरते, आणि पावसाच्या पाण्याने ते धुऊन निघेपर्यंत पुढचे दोन-तीन हंगामही हातचे जातात. तेव्हा बांध किती उंच असावा, हा प्रश्न येथे भाकरीचा प्रश्न आहे.

अशा एका बांधावरून एका वृद्ध शेतकऱ्याबरोबर चालण्याचा योग मला एकदा आला होता. आषाढातले उधाण नुकतेच ओसरले होते. उघाडीच्या दगडी भिंतीवर छिन्नीने पाडलेल्या तीन आडव्या रेघा त्यांनी मला दाखवल्या. सर्वांत खालची रेघ त्यांच्या वडिलांच्या हातची होती, वरच्या दोन त्यांच्या स्वतःच्या. ज्या ज्या वर्षी उधाण नेहमीपेक्षा वर चढले, त्या त्या वर्षी त्यांनी पाण्याच्या काठाशी रेघ ओढून ठेवली होती.

"बांध किती उंच घालायचा ते ही रेघ सांगते," ते म्हणाले. "रेघेच्या वर हातभर माती टाकायची."

"पण आजोबा, या रेघा एकीवर एक अशा वर का चढत गेल्या?" मी विचारले.

ते थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाणी चढलं असेल, नाहीतर भिंत खचली असेल. रेघेला दोन्ही सारखंच दिसतं."

समुद्राची उंची मोजण्यातली सारी अडचण त्या साध्या उत्तरात आली होती. पाणी आणि भिंत यांपैकी कोण हलले, हे नुसत्या रेघेवरून कळत नाही. जगातील मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही नेमका हाच प्रश्न सोडवावा लागला आहे. त्यांनी तो कसा सोडवला, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे.

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. आपल्याकडील रेल्वेस्थानकांच्या पिवळ्या फलकांवर गावाच्या नावाखाली त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिण्याची पद्धत आहे. डोंगराची, किल्ल्याची, धरणाची उंचीही आपण समुद्रसपाटीपासूनच सांगतो. पण समुद्र सपाट असतो तरी केव्हा? तो भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो, वाऱ्याने खवळतो, पावसाळ्यात एक रूप घेतो, उन्हाळ्यात दुसरे. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाचे पाणी बंदराच्या मोजपट्टीवर साडेचार मीटरांच्याही वर जाते आणि काही तासांतच कितीतरी खाली उतरते. अशा चंचल पाण्याला आपल्या साऱ्या उंचींचा पाया कसे मानायचे?

यावर उपाय एकच. पाण्याची उंची रात्रंदिवस, तासातासाला, वर्षानुवर्षे नोंदवायची आणि त्या सर्व नोंदींची सरासरी काढायची. लाटा, भरत्या, ओहोट्या या सरासरीत एकमेकींना खोडून काढतात, आणि मागे उरते ती समुद्राची सरासरी पातळी. हिलाच आपण समुद्रसपाटी म्हणतो.

हे काम मुंबईत फार पूर्वी सुरू झाले. अपोलो बंदरावरील भरतीमापकाच्या नोंदी १८७८ सालापासूनच्या आहेत. आज ज्याच्यासमोर प्रवाशांची गर्दी उसळते ते गेटवे ऑफ इंडियाचे भव्य प्रवेशद्वार १९२४ साली पुरे झाले. म्हणजे ते उभे राहण्यापूर्वी जवळजवळ अर्धशतक हे यंत्र तेथे पाण्याची उंची टिपत होते. हिंदी महासागराच्या काठावर इतक्या जुन्या नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत. पुढे १९०९ साली भारतीय सर्वेक्षण विभागाने साऱ्या देशातील उंचींचा पाया ठरवला, तेव्हा नऊ बंदरांतील नोंदी आधारास घेतल्या. त्यांत मुंबई होती, कारवारही होते. अपोलो बंदरासमोरचे पाणी आणि पेणच्या बांधाला टेकणारे पाणी यांचे नाते तर अगदी जवळचे. धरमतरची खाडी मुंबई बंदराच्याच जलाशयाला येऊन मिळते.

जुन्या पद्धतीच्या भरतीमापकाची रचना कोणालाही समजेल अशी आहे. समुद्राच्या काठाशी एक उभी विहीर किंवा रुंद नळ असतो. त्याला पाण्याखाली लहानसे छिद्र ठेवलेले असते. छिद्र लहान असल्यामुळे लाटांची आदळआपट आत पोचत नाही. भरती-ओहोटीचा सावकाश चढउतार मात्र पोचतो. आतल्या पाण्यावर एक तरंगा असतो. त्याला बांधलेली तार वर कप्पीवरून जाते आणि तिच्या जोरावर एक लेखणी वरखाली सरकते. लेखणीपुढे कागद गुंडाळलेले एक नळकांडे घड्याळाच्या यंत्राने हळूहळू फिरत असते. अशा रीतीने समुद्र आपल्या चढउताराची वळणदार रेघ स्वतःच्याच हाताने कागदावर काढतो. खारेपाटातल्या त्या आजोबांची छिन्नी आणि ही लेखणी या एकाच कुळातल्या, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या दीर्घकालीन नोंदींनी एक महत्त्वाची गोष्ट उघडकीस आणली. समुद्राची सरासरी पातळी स्थिर नाही. ती अगदी मंद गतीने वर चढत आहे. गोव्यात दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधकांनी उत्तर हिंदी महासागराच्या काठावरील जुन्या नोंदी तपासून २००७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात येथील पाणी दरवर्षी सुमारे १.०६ ते १.७५ मिलिमीटर या गतीने चढत आले, असे त्यांना आढळले. वर्षाला एक-दोन मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढी वाढ; पण शंभर वर्षांत तिची वीतभर उंची होऊ शकते.

मात्र भरतीमापकाच्या दोन उणिवा आहेत. पहिली ही, की तो काठावरच उभा असतो. अथांग महासागराच्या मध्यभागी पाणी काय करीत आहे, ते त्याला दिसत नाही. दुसरी उणीव त्या वृद्ध शेतकऱ्याने सांगितली तीच. भरतीमापक ज्या जमिनीवर उभा आहे, ती जमीनच खचत असेल तर पाणी चढत असल्याचा भास होतो. बंगालमध्ये हुगळीच्या मुखाकडे डायमंड हार्बर येथे पाणी दरवर्षी पाच मिलिमीटरांहूनही अधिक गतीने चढताना दिसते. त्याचे एक कारण असे, की नदीच्या गाळाने बनलेली तेथली भूमीच दबून खाली जात आहे.

तेव्हा जमिनीचा आधार न घेता समुद्र मोजता येईल काय? या प्रश्नाला आकाशातून उत्तर मिळाले. १० ऑगस्ट १९९२ रोजी अमेरिका आणि फ्रान्स या दोन देशांनी मिळून टोपेक्स-पोसायडन नावाचा उपग्रह अवकाशात सोडला. पृथ्वीपासून १,३३६ किलोमीटर उंचीवरून तो फिरे आणि सुमारे दहा दिवसांत जवळजवळ सारे महासागर पालथे घालून पुन्हा पहिल्या वाटेवर येई.

त्याची मोजण्याची रीत तुम्हांला अपरिचित वाटणार नाही. डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली म्हणजे प्रतिध्वनी येतो. हाक आणि प्रतिध्वनी यांच्यामधला काळ मोजला, तर कडा किती दूर आहे ते सांगता येते. उपग्रह अशाच हाका मारतो. फक्त त्या ध्वनीच्या नसून रेडिओलहरींच्या असतात. दर सेकंदाला अशा हजारो हाका तो खाली समुद्राकडे पाठवतो आणि पाण्यावरून परतणारे त्यांचे पडसाद टिपतो. या लहरींचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर, त्यामुळे जाऊन येण्याला सेकंदाच्या नऊ हजारांशांएवढाच वेळ लागतो. उपग्रहाची स्वतःची उंची ठाऊक असली, की तीतून हे अंतर वजा करायचे. खाली उरेल ती समुद्राची उंची.

हिशेब सोपा, पण त्यातली सूक्ष्मता पाहा. समुद्राची उंची एक सेंटीमीटर इतकी अचूक हवी असेल, तर काळ किती बारकाईने मोजावा लागेल? एका सेकंदाचे पंधरा अब्ज भाग करावेत आणि त्यांतला एक भागही इकडचा तिकडे होऊ देऊ नये! शिवाय वाटेत विघ्नेही पुष्कळ. हवेतील वाफेमुळे लहरींची गती किंचित मंदावते, आणि तेवढ्याने अंतर काही सेंटीमीटरांपासून तीस-चाळीस सेंटीमीटरांपर्यंत जास्त भासते. म्हणून वाफ मोजणारे आणखी एक यंत्र उपग्रहावर ठेवावे लागते. उपग्रहाची उंचीसुद्धा गृहीत धरून चालत नाही. ती पृथ्वीवरील केंद्रांवरून सतत मोजावी लागते.

येथे कोणी म्हणेल, एका मापात चूक झाली तरी काय बिघडले? मापे कोट्यवधी असतात; सरासरीत चुका नाहीशा होतील. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. काही चुका अधिक बाजूच्या आणि काही उण्या बाजूच्या असतील, तर त्या एकमेकींना खोडतात. परंतु सगळ्याच चुका एका बाजूच्या असतील तर? भात मोजण्याची एखादी पायली घ्या. तिचा तळ आत चेपलेला असेल, तर तिने एकदा मोजा की शंभरदा मोजा, प्रत्येक वेळी भात कमीच भरणार. शंभर मापांची सरासरी काढली तरी चेपलेला तळ सरळ होत नाही. पायली चेपली आहे हे कळायला दुसरी, खात्रीची पायली शेजारी ठेवावी लागते.

उपग्रहाच्या बाबतीत ही दुसरी पायली कोणती? तीच, काठावर उभी असलेली जुनी भरतीमापके! अमेरिकेतील गॅरी मिचम या समुद्रशास्त्रज्ञाने जगभरच्या बेटांवरील आणि किनाऱ्यांवरील भरतीमापकांच्या नोंदी घेऊन उपग्रहाच्या मापांशी त्यांचा ताळा पाहण्याची पद्धत बसवली. एखादे भरतीमापक फसवू शकते. त्याखालची जमीन खचत असेल. पण निरनिराळ्या समुद्रांतील अनेक भरतीमापके एकाच वेळी एकाच बाजूला फसतील, हे संभवत नाही. म्हणून सर्वांची मिळून उपग्रहाशी तफावत वाढत चालली, तर दोष उपग्रहाच्या मापात आहे असे समजावे, हे या पद्धतीचे सूत्र.

आणि खरोखरच तसा दोष निघाला. टोपेक्स-पोसायडनच्या पहिल्या काही वर्षांच्या मापांवरून समुद्र प्रत्यक्षाहून बऱ्याच अधिक वेगाने चढत असल्याचे दिसत होते. भरतीमापके मात्र वेगळेच सांगत होती. अखेर १९९६ साली चुकीचे मूळ सापडले. उपग्रहातील घड्याळाची गती काळानुसार किंचित बदलते. तो बदल हिशेबातून काढून टाकण्यासाठी जो गणिती कार्यक्रम लिहिला होता, त्यातच चूक राहिली होती. ती दुरुस्त झाली आणि आकाश व किनारा यांचे म्हणणे एकमेकांच्या पुष्कळ जवळ आले. १,३३६ किलोमीटर उंचीवरच्या यंत्राचा हिशेब एका नळातल्या तरंग्याने सुधारला!

तेव्हापासून ताळा पाहणे हा या शास्त्राचा नित्यनेमच झाला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटर आत, समुद्रातील तेल काढण्यासाठी उभारलेला हार्वेस्ट नावाचा एक मंच आहे. टोपेक्स-पोसायडनची वाट मुद्दाम अशी आखली होती, की तो बरोबर या मंचावरून जावा. वरून उपग्रह पाण्याची उंची मोजी आणि त्याच क्षणी मंचावरील यंत्रेही ती मोजीत. भूमध्य समुद्रातील कोर्सिका बेटावर फ्रान्सने असेच ठाणे वसवले. आपला देशही या कामात मागे राहिला नाही. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून भारत आणि फ्रान्स यांचा सरल नावाचा उपग्रह अवकाशात गेला. समुद्राची उंची मोजणे हेच त्याचे मुख्य काम. त्याच्या मापांचा ताळा पाहण्यासाठी आपल्या शास्त्रज्ञांनी लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटाची निवड केली. चहूंकडे अथांग पाणी आणि मध्ये चिमुकले बेट. समुद्राची साक्ष घ्यायला याहून चांगली जागा कोणती?

उपग्रहांचे आयुष्य भरतीमापकाएवढे दीर्घ नसते. एक थकला की दुसरा त्याची जागा घेतो. टोपेक्सनंतर २००१, २००८ आणि २०१६ साली जेसन नावाचे तीन उपग्रह गेले, आणि २०२० साली सेंटिनेल मालिकेतील उपग्रह गेला. नवा उपग्रह आला म्हणजे जुन्याला लगेच निरोप देत नाहीत. काही महिने दोघेही एकाच वाटेवरून, एकमेकांमागे मिनिटभराच्या किंवा त्याहूनही कमी अंतराने धावतात. तेच पाणी दोघे मोजतात आणि दोघांच्या मापांतला फरक नोंदवून घेतला जातो. निवृत्त होणारा तलाठी नव्या तलाठ्याला गावाची हद्द पायी फिरून दाखवतो, तसाच हा प्रकार.

पण मग भरतीमापकाखालची जमीन खचते त्याचे काय? तेथे आकाशाने किनाऱ्याला मदत केली. भरतीमापकाशेजारी जीपीएसचे यंत्र बसवले, तर ते वेगळ्या उपग्रहांच्या संदेशांवरून त्या जागेची उंची वर्षानुवर्षे मोजत राहते, आणि जमीन मिलिमीटरभर हलली तरी काही वर्षांत ते कळून येते. म्हणजे पाणी चढले की भिंत खचली, हा प्रश्न आता अनुत्तरित राहत नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर वॉटसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीची ही हालचाल हिशेबात धरून भरतीमापके आणि उपग्रह यांचा पुन्हा एकदा ताळा पाहिला. २०१५ साली त्यांनी दाखवून दिले, की १९९३ नंतरच्या पहिल्या काही वर्षांतील उपग्रहांची मापे अजूनही थोडी फुगलेली होती. दुरुस्तीनंतर समुद्र चढण्याची सरासरी गती वर्षाला ३.२ मिलिमीटरांऐवजी २.६ ते २.९ मिलिमीटर इतकी भरली.

हे ऐकून कोणाला वाटेल, चला, काळजी मिटली. समुद्र वाटला तेवढा चढत नाही. परंतु सत्य असे अर्ध्यावर घेता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांतली फुगलेली मापे खाली आणल्याबरोबर, नंतरच्या वर्षांतली चढण अधिकच स्पष्ट दिसू लागली. समुद्र नुसता चढत नाही, तर त्याची चढण्याची गतीही वाढत आहे, हे त्या दुरुस्तीनेच ठळकपणे पुढे आले. १९९३ नंतरच्या तीस वर्षांत जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे दहा सेंटीमीटर वर आली आहे. पृथ्वी तापत चालल्यामुळे समुद्राचे पाणी प्रसरण पावते आणि पर्वतांवरील व ध्रुवप्रदेशांतील बर्फ वितळून त्यात भर पडते, ही त्याची मुख्य कारणे.

दहा सेंटीमीटर म्हणजे हाताची पाच-सहा बोटे. मुंबईच्या उंच इमारतीतून पाहणाऱ्याला ती दिसणारही नाहीत. पण पेण आणि रोहे तालुक्यांतील बांधांच्या माथ्यावर त्यांना फार मोल आहे. उधाणाचे पाणी आणि बांधाचा माथा यांच्यामध्ये पुष्कळदा हातभरच अंतर असते. त्यातली पाच-सहा बोटे समुद्राने घेतली, तर उरले किती? बांध किती वाढवावा हे ठरवणाऱ्या अभियंत्यापुढे मग खरा आकडा असणे अत्यावश्यक ठरते. वर्षाला तीन मिलिमीटरांची चूक आकड्यात राहिली, तर तीस वर्षांत ती नऊ सेंटीमीटरांची होते. आकडा कमी धरला तर बांध ठेंगणा राहील आणि एखाद्या श्रावणात खांड पडेल. आकडा फुगवून धरला तर गरीब गावाचे श्रम आणि पैसा व्यर्थ मातीत जाईल. शिवाय एकदा खोटा ठरलेला आकडा दुसऱ्यांदा खरा सांगितला तरी लोकांचा त्यावर विश्वास बसत नाही, हा तोटा वेगळाच. आकाशातला ताळा आणि शेतातला बांध यांचे नाते इतके जवळचे आहे.

शाळेत गणित सुटल्यावर गुरुजी ताळा पाहायला सांगतात, तेव्हा पुष्कळ मुलांना ते काम नकोसे वाटते. उत्तर आले, मग पुन्हा कशाला तपासायचे? समुद्राच्या या हकीकतीत मला त्याचे उत्तर दिसते. ताळा पाहणे म्हणजे आपल्या बुद्धीवर अविश्वास दाखवणे नव्हे. दुसऱ्या वाटेने जाऊन त्याच ठिकाणी पोचता येते का, हे पाहणे म्हणजे ताळा. उपग्रहाची वाट आकाशातून जाते, भरतीमापकाची पाण्यातून. दोन्ही वाटा एका आकड्याशी येऊन मिळाल्या, तरच त्या आकड्यावर भरवसा ठेवून माणसाने आपले घर, शेत आणि बांध उभारावा. यांत मोठा कोण आणि लहान कोण, हा वाद येथे संभवतच नाही. उपग्रह साऱ्या महासागरांवर दृष्टी फिरवतो, पण काही वर्षांत थकतो. भरतीमापक एका जागेवरून हलत नाही, पण शतकाची आठवण जपतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

या साऱ्या कथेत मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो मात्र वेगळ्याच माणसांविषयी. १८७८ सालापासून अपोलो बंदरावर कोणीतरी नेमाने भरतीमापकाच्या घड्याळाला किल्ली दिली असेल. मुसळधार पावसात कोणीतरी नळकांड्यावरचा कागद बदलला असेल, त्यावर तारीख घातली असेल, तासातासाची उंची वाचून वहीत नीट उतरवली असेल. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. आपण लिहिलेल्या आकड्यांचा पुढे कोणाला काय उपयोग होईल, याची त्यांना कल्पनाही असणे शक्य नव्हते. त्या काळी आकाशात विमानसुद्धा उडत नव्हते, मग उपग्रहाची गोष्ट कशाला? तरीही आळसाने एखादा आकडा अंदाजाने लिहावा, असे त्यांनी केले असते तर शंभर वर्षांनंतरच्या शास्त्रज्ञांच्या हाती काय लागले असते? त्यांनी आपले रोजचे लहानसे काम चोख केले. त्या नोंदींच्या जोरावर आज आपण समुद्राची चाल ओळखू शकतो, आणि खाडीकाठचा शेतकरी आपला बांध किती उंच घालावा ते वेळेवर ठरवू शकतो.